मुंबईचा पाऊस, बुलढाण्याची जमीन

भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राचा पर्जन्यमानाचा नकाशा फळ्यावर टांगला की किनारपट्टी गडद निळी दिसते आणि वऱ्हाडाकडे येताना तो निळा रंग फिकट होत जातो. मुंबईत वर्षाला सरासरी २२०० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. बुलढाणा जिल्ह्यात ढोबळमानाने ७०० ते ८५० मिलीमीटर. हे आकडे ऐकून बुलढाण्यातले विद्यार्थी सहज म्हणतात, "तिकडच्या लोकांची मजा आहे!" ज्यांचे मामा किंवा काका मुंबईत राहतात ती मुले मात्र मान हलवतात. कपडे वाळत नाहीत, घामाने जीव जातो, गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठावे लागते, हे त्यांनी ऐकलेले असते.

दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. पण पावसाळी किनाऱ्यावरच्या शहरात राहणे फायद्याचे की तोट्याचे, हा हिशोब नुसत्या पावसाच्या आकड्यावरून मांडता येतो का? मुंबई आणि बुलढाणा यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून आपण हा प्रश्न तपासून पाहू.

कोरड्या हवेतला कापूस, दमट हवेतले सूत

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जात १८६७ मध्ये नागपूरला पोचला. जलंबपासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत एक छोटा फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. ते बुलढाण्यात आले १९०५ मध्ये.)

अशा रीतीने कापूस कोरड्या मुलखातून पावसाळी किनाऱ्याकडे जाऊ लागला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणी कंपनीची स्थापना केली होती. त्यानंतर तिथे गिरण्यांची रांगच लागली. कापूस वऱ्हाडात पिकत असताना सूत मुंबईत का निघाले? बंदर, भांडवल आणि व्यापारी पेढ्या ही मोठी कारणे आहेतच. पण हवेनेही त्यात हातभार लावला. कापसाचा तंतू हवेतली आर्द्रता शोषून घेतो. ओलसर तंतू लवचिक राहतो, पिळताना तुटत नाही. कोरड्या हवेत घर्षणाने तंतूंवर विद्युतभार साठतो, ते एकमेकांपासून फाकतात आणि धागा वारंवार तुटतो. लँकेशायरच्या ओल्या हवेचा तिथल्या कापडधंद्याला जो उपयोग झाला, तोच मुंबईच्या दमट हवेचा इथे झाला.

मग कोरड्या प्रदेशात गिरणी चालूच शकत नव्हती का? जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. कापसाचे शेत आणि कोळसा दोन्ही जवळ, हा त्यांचा विचार होता. हवेत ओलावा सोडणारी यंत्रे त्यांनी पुढे गिरणीत बसवून घेतली. मुंबईला जी गोष्ट समुद्राने फुकट दिली, ती नागपूरला पैसे खर्चून तयार करावी लागली, पण तयार करता आली. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढे पुन्हा लागेल.

आता दुसरी बाजू. जी आर्द्रता धाग्याला मानवते, तीच धागा काढणाऱ्या कामगाराला मानवत नाही. आपले शरीर घाम वाळवून थंड होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असल्यामुळे समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, म्हणून मुंबईत मे महिन्यातही पारा फार चढत नाही. त्याच वेळी घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडे तो चाळिशी ओलांडतो. तरीही मुंबईची ३३ अंशांची दुपार अंगाला नकोशी होते आणि घाटावर सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेल्या बुलढाणा गावातली संध्याकाळ सुखाची वाटते. फायदा आणि तोटा एकाच ओलाव्यातून निघाले. फायदा मुख्यतः गिरणीमालकाच्या खात्यात गेला आणि तोटा कामगाराच्या.

पाऊस भरपूर, पाणी नाही

पावसाळी शहराला पाण्याची ददात नसावी असे कोणालाही वाटेल. मुंबईचा इतिहास वेगळेच सांगतो. तिथला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि बेटावरचे पाणी बघता बघता समुद्राला मिळते. उरलेले आठ महिने लोक विहिरी आणि तलाव यांवर भागवत. लोकसंख्या वाढली तसे ते पुरेना. पाऊस लांबला की शहरात हाहाकार होई. हेन्री कोनीबेअर या अभियंत्याने विहार खोऱ्यात धरण बांधण्याची योजना पुढे आणली. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आला. पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली.

म्हणजे मुंबई आपल्या डोक्यावर पडणारा पाऊस फारसा पीत नाही. ती मुख्यतः शेजारच्या ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांवर पडणारा पाऊस पिते. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस तिथे पडतो, धरण तिथे आहे, पण नळ दूर शहरात आहे.

ताप कशामुळे?

सतराव्या शतकात मुंबईत आलेल्या इंग्रजांमध्ये, इथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांपुरते असते, अशा अर्थाची म्हण होती. ओलसर हवा आणि दलदलीतून उठणाऱ्या वाफा यांमुळे ताप येतो अशी तेव्हाची समजूत होती. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधून काढला, तेव्हा हवेवरचा हा आरोप पुसला गेला. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अभ्यास करून १९११ मध्ये अहवाल दिला. या तापाचा मुख्य वाहक असलेला ॲनॉफिलीस स्टिफेन्सी हा डास शहरातल्या घरगुती विहिरी आणि टाक्या यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असे त्यातून पुढे आले. त्यानंतर विहिरी झाकण्याचा किंवा बुजवण्याचा आग्रह सुरू झाला. विहिरींशी धार्मिक श्रद्धाही जोडलेल्या असल्याने त्याला विरोधही झाला.

इथे आपण विद्यार्थ्यांना एक गोष्ट दाखवू शकतो. पावसाळी गावात ताप जास्त दिसतो म्हणून पाऊस हेच तापाचे कारण असे म्हणणे घाईचे आहे. मधला दुवा शोधावा लागतो. हाच डास कोरड्या प्रदेशातल्या शहरांतही, जिथे पाणी साठवून ठेवावेच लागते तिथे, मजेत वाढतो.

एकाच दशकात दोन्हीकडे घट

आता जनगणनेचे आकडे पाहू. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ झाली, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त घटली. याच दहा वर्षांत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटून ४,२३,६१६ वर आली.

मुंबईतल्या घटीचे मोठे कारण प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. धान्याची कोठारे, उंदीर, अंधाऱ्या आणि खच्चून भरलेल्या चाळी यांनी पुढचे काम केले. लाखो लोक शहर सोडून गेले. बुलढाण्यातल्या घटीचे कारण १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ.

वरवर पाहता दाटीच्या शहराला रोगाने मारले आणि कोरड्या जिल्ह्याला अवर्षणाने. पण आणखी खोल गेले तर? वऱ्हाडात रेल्वे आली, कापसाखालची जमीन वाढली आणि शेतकरी बाजारभावावर अवलंबून राहू लागला, असे इतिहासाचे अभ्यासक दाखवून देतात. पाऊस हुकला तेव्हा रेल्वे होती. ती धान्य आणू शकत होती, पण ज्याच्या हाताला काम नाही आणि गाठीला पैसा नाही त्याला ते विकत कसे घेता येणार? मुंबईच्या चाळींतली गर्दीही आकाशातून पडली नव्हती. गिरण्यांनी माणसे बोलावली, त्यांच्या घरांची सोय मात्र केली नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा कोठे रुंद रस्ते आणि हवेशीर वस्त्यांचा विचार सुरू झाला.

वर्गात एक सावधगिरी जरूर सांगावी. जनगणनेतली घट म्हणजे सगळे मृत्यू नव्हेत. त्यात गाव सोडून गेलेलेही असतात.

जमीन काय करते?

पावसाचा आकडाच सुख ठरवत असता तर रत्नागिरी जिल्हा सर्वांत सुखी असायला हवा होता, कारण तिथला पाऊस मुंबईहूनही अधिक आहे. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार आले ते मोठ्या संख्येने रत्नागिरीतूनच. तिथे उतार तीव्र, जांभ्याची जमीन पातळ आणि सच्छिद्र. पाणी येते आणि निघून जाते. भातानंतर दुसरे पीक घेणे कठीण.

बुलढाण्यात पाऊस त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, पण पूर्णेच्या खोऱ्यातली काळी चिकण जमीन ओल धरून ठेवते. पाऊस थांबल्यावरही कपाशी त्या ओलीवर उभी राहते आणि रब्बीची ज्वारी पिकते. अर्थात काळी जमीनही सगळीकडे सारखी उदार नाही. शेगाव, संग्रामपूर, नांदुरा, जळगाव जामोद या भागात खारपाणपट्टा आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी विहिरीचे पाणी खारट! घाटावर सिंदखेडराजाला जाधव घराण्याच्या काळातला मोती तलाव आजही दिसतो. थोडा पडणारा पाऊस अडवून ठेवायचा असतो, हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होते. अलीकडच्या काळात रस्त्यांच्या कामाला लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांतून काढायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि पाण्याला जागाही वाढते, या पद्धतीला 'बुलढाणा पॅटर्न' असे नाव मिळाले.

२६ जुलै २००५

या दिवशी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी! बुलढाणा जिल्ह्यात सरासरीने वर्षभरात जेवढा पडतो, त्याहून अधिक पाऊस एका दिवसात. गंमत अशी की त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ७३ मिलीमीटरची. एकाच शहरात, पंचवीसएक किलोमीटरच्या आत, इतका फरक.

मुंबईचे जुने पर्जन्यजल नाले ताशी २५ मिलीमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेले होते. हिशोब करून पाहा. चोवीस तास पूर्ण क्षमतेने वाहिले तरी ६०० मिलीमीटर. शिवाय बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला आणि त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे पाण्याखाली जातात. मग पाणी बाहेर पडण्याऐवजी आत येऊ पाहते. भराव आणि बांधकामांनी अरुंद केलेली मिठी नदी, बुजवलेल्या खाजण जागा यांनी उरलेली कसर भरून काढली. राज्यभरातल्या त्या पुरात सुमारे एक हजार माणसे गेली. नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारणे तपासली आणि शहरात पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभी राहिली. ज्याच्या घरात पाणी शिरत नाही अशा उंच जागी राहणे मात्र आजही ज्याच्या त्याच्या ऐपतीवरच अवलंबून आहे.

मग हिशोब कसा मांडायचा?

आपण सहसा वहीत दोन रकाने आखतो, फायदे आणि तोटे. वरचा इतिहास पाहिल्यावर ते अपुरे वाटतात. आणखी दोन रकाने हवेत. एक, 'कोणाला?' आणि दुसरा, 'हे बदलता येते का?' दमट हवेचा फायदा गिरणीला, तोटा कामगाराला. धरणाचा फायदा शहराला, तोटा पाड्याला. नागपूरच्या गिरणीत ओलावा आणता आला, सिंदखेडराजाला पाणी अडवता आले, विहिरीवर झाकण घालता आले. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती नाही. तो पडल्यावर कुठे जावा, कोणाच्या घरात शिरावा आणि कोणाच्या हंड्यात यावा, हे बऱ्याच अंशी माणसेच ठरवतात.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजा आणि त्याला गावाच्या वार्षिक पावसाच्या मिलीमीटरने गुणा. येणारी संख्या म्हणजे त्या छपरावर वर्षात पडणारे लिटर पाणी. शंभर चौरस मीटरचे छप्पर आणि ७५० मिलीमीटर पाऊस असेल तर ७५ हजार लिटर. मग मुलांना विचारा, हे पाणी आज कुठे जाते? मुंबईतल्या एखाद्या शाळेसाठीही हाच गुणाकार करायला सांगा. तिथले उत्तर जवळजवळ तिप्पट येईल, आणि प्रश्न तोच राहील.

दहावी-बारावीनंतर यातली काही मुले मुंबई-पुण्याकडे जातील, काही इथेच राहतील. कुठे राहणे चांगले, हे आपण त्यांना सांगू नये. पण एखाद्या गावाचे गुणदोष मोजताना आभाळाकडे पाहून झाल्यावर जमिनीकडे, नाल्याकडे, धरणाकडे आणि तिथे राहणाऱ्या माणसांकडेही पाहायचे असते, एवढी सवय त्यांना आपण नक्की लावू शकतो.