जॅग्वारचे वारस

‘वारस’ हा शब्द अरबीतून आला आणि मराठीचाच होऊन गेला. वारस म्हटलं की आपल्याला घर, शेत, फार तर दुकान आठवतं. इंग्लंडमधल्या जॅग्वार या मोटार कंपनीची गोष्टही वारसाचीच आहे.

१९२२ साली समुद्रकाठच्या ब्लॅकपूल गावात विल्यम लायन्स हा एकवीस वर्षांचा तरुण आणि त्याचा शेजारी विल्यम वॉल्मस्ली यांनी मोटरसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. भांडवल म्हणजे वडिलांच्या हमीवर बँकेने दिलेले १,००० पौंड. पुढे ते मोटारींचे सांगाडे घडवू लागले आणि १९२८ साली कारखाना कॉव्हेंट्रीला नेला. लायन्सजवळ इंजिनिअरची पदवी नव्हती, नजर होती. नव्या गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना तो आपल्या घराच्या अंगणात आणवून घेई, उजेडात चहूबाजूंनी न्याहाळी आणि मगच होकार देई. १९३५ साली लंडनच्या एका हॉटेलात त्याने नवी गाडी मांडली आणि विक्रेत्यांना किंमत ओळखायला सांगितली. त्यांचा अंदाज सहाशे पौंडांच्या वर गेला. खरी किंमत चारशेच्याही आत होती!

कंपनीचं नाव तेव्हा ‘एसएस’ होतं. जॅग्वार हे फक्त त्या गाडीचं नाव. नंतर महायुद्ध आलं. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बनी कॉव्हेंट्री भाजून काढली, तिथलं कॅथीड्रल बेचिराख झालं. कारखान्यात आगीवर लक्ष ठेवायला रात्रपाळीचा पहारा असे. त्या जागरणांत लायन्स आणि त्याचे इंजिनिअर युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार करत बसत. हिटलरच्या ‘एसएस’ने त्या दोन अक्षरांना रक्ताचा वास दिला होता. १९४५ साली लायन्सने ती पुसली आणि कंपनीच जॅग्वार झाली. पहाऱ्यातल्या त्या इंजिनावर १९४८ साली ‘एक्सके १२०’ आली. ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर, हा वेग तिच्या नावातच होता.

फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली. त्यातला १९५५चा विजय मात्र कुणी साजरा करावा असा नव्हता. एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं मेली. आणि त्याच शर्यतीला निघालेला लायन्सचा एकुलता मुलगा जॉन वाटेतच अपघातात गेला होता.

लायन्स काम करत राहिला. १९५६ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. १९६१ साली जीनिव्हात ‘ई-टाइप’ अवतरली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने पुढे तिला आपल्या संग्रहात जागा दिली. पण कारखाना सोपवायचा कुणाला? १९६६ साली त्याने जॅग्वार एका मोठ्या कंपनीत विलीन केली. १९६८ साली त्यातून ब्रिटिश लेलँड झाली, १९७५ साली तीही सरकारी झाली. दर्जा घसरला, गिऱ्हाईक कंटाळलं. १९८४ साली जॅग्वार पुन्हा स्वतंत्र झाली. ते पाहून १९८५ साली लायन्सने डोळे मिटले.

१९८९ साली अमेरिकेच्या फोर्डने ती घेतली. २००८ साली लँड रोव्हरसह २३० कोटी डॉलरला ती टाटा मोटर्सकडे, म्हणजे आपल्या मुंबईकडे आली. २०१३पासून पुण्यात जॅग्वारची जोडणीही सुरू झाली. ज्या देशाने आपल्यावर राज्य केलं, त्याच्या अभिमानाची वस्तू आपल्या हाती आली म्हणून आपण खूश झालो. ते स्वाभाविकच होतं.

पण वारसा म्हणजे नुसता ताबा नव्हे. २०२४ साली कंपनीने नवं बोधचिन्ह आणलं, यापुढे फक्त विजेवरच्या महागड्या गाड्या करणार असं सांगितलं, तेव्हा इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. मला त्या बदलाचं नवल नाही. नाव बदलायला लायन्सही कचरला नव्हता. त्याने सोडली नाही ती एकच गोष्ट : पाहणाऱ्याला सहाशेची वाटणारी गाडी चारशेच्या आत देणं. ती ज्याला साधेल, तोच त्याचा खरा वारस.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)