निळे महाकाय आणि प्रागची सावली

१९७३ च्या कान महोत्सवात रने लालू यांच्या ‘ला प्लानेत सोव्हाज’ या प्रौढांसाठीच्या ॲनिमेशनपटाला विशेष पुरस्कार मिळाला. यात द्राग नावाचे महाकाय निळे जीव माणसांना पाळीव प्राण्यांसारखे बाळगतात आणि मोकाट माणसांचा वेळोवेळी विषारी वायूने नायनाट करतात. माणसांना इथे ‘ओम’ म्हणतात. फ्रेंच भाषेत ‘माणूस’ या शब्दाचा उच्चार तसाच होतो. आपल्या ओंकाराशी त्याचा संबंध नाही!

कागदी कात्रणांचे हे ॲनिमेशन प्रागमधील यिरझी त्रन्का स्टुडिओत घडले. १९६८ मध्ये याच शहरात सोव्हिएत रणगाडे शिरले होते. त्यामुळे द्राग म्हणजे सोव्हिएत सत्ता, असे आजही सर्रास सांगितले जाते.

कालक्रम मात्र या अर्थाला साथ देत नाही. मूळ कादंबरी स्तेफान वुल यांची, १९५७ ची. लालूंसह पटकथा लिहिणारे आणि ही चित्रसृष्टी कल्पिणारे रोलाँ तोपोर हे पोलंडहून पॅरिसला आलेल्या ज्यू दांपत्याचे पुत्र, जन्म १९३८ चा. १९४१ मध्ये वडिलांची रवानगी पितिव्हिएच्या छावणीत झाली. तेथून ते निसटले. पुढे साऱ्या कुटुंबाला साव्हॉय प्रांतात लपून राहावे लागले. उद्यानात कोंडलेल्या ओमांवर वायू सोडला जातो, ते दृश्य प्रागच्या रणगाड्यांपेक्षा या बालपणाच्या कितीतरी जवळचे आहे.

बंडाची सुरुवातही शस्त्राने होत नाही. तेर हा पाळीव ओम मालकिणीची ज्ञान देणारी शिरपट्टी घेऊन पळतो. रानातले ओम द्रागांची लिपी शिकतात, आणि स्वतःच्या निर्मूलनाची सूचना त्यांना वेळेआधी वाचता येते.