ताग उद्योग

ताग उद्योग : तागाच्या सालीतील तंतूंपासून सूत कातून गोणपाट, हेसियन, सुतळी, गालिच्यांचे अस्तर इ. वस्तू तयार करणारा उद्योग. जगातील वनस्पतिज तंतूंत उत्पादनाच्या दृष्टीने कापसाच्या खालोखाल तागाचा क्रम लागतो. महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी पेरल्या जाणाऱ्या बोरूलाही ‘ताग’ म्हणतात. परंतु ती वनस्पती निराळी आहे. प्रस्तुत उद्योगाचा कच्चा माल कॉर्कोरस कॅप्सुलॅरिस (पांढरा ताग) व कॉर्कोरस ऑलिटोरियस (तोसा ताग) या वनस्पतींपासून मिळतो आणि त्याचे मुख्य क्षेत्र गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात आहे.

फ्लॅक्स व हेंप या तंतूंना स्वस्त पर्याय म्हणून तागाचा औद्योगिक वापर सुरू झाला. सु. सव्वाशे वर्षांनंतर त्याच कारणाने, म्हणजे अधिक स्वस्त पर्याय उपलब्ध झाल्यामुळे, तागाची पीछेहाट झाली. या उद्योगाची भरभराट व अवनती या दोहोंचे मूळ एकाच गोष्टीत आहे.

तंतू व त्याचे गुणधर्म : कापलेल्या तागाच्या जुड्या संथ पाण्यात सु. दोन ते तीन आठवडे कुजवितात. सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने साल सैल झाली की, शेतकरी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हाताने तंतू सोडवितात, धुतात व वाळवितात. या तंतूत सेल्युलोजाबरोबर लिग्निनाचेही प्रमाण बरेच असते. त्यामुळे तो ताठ व खरबरीत असतो व उन्हात पिवळसर पडतो. अंगावरच्या वस्त्रांसाठी तो फारसा उपयोगी नाही. मात्र तो बळकट असून ताणला असता फारसा लांबत नाही. तागाच्या पोत्यातून हवा खेळती राहते, थप्पी घसरत नाही व आकडी लावून पोते उचलता येते. धान्याच्या साठवणीस हे गुण अत्यंत सोयीचे आहेत.

डंडीतील आरंभ : बंगालमध्ये तागाचे कापड व दोर हातमागावर व हातांनी तयार करण्याची पद्धत जुनी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने तागाचे नमुने इंग्लंडला पाठविले. फ्लॅक्सच्या यंत्रांवर हा कोरडा तंतू तुटत असे. स्कॉटलंडमधील डंडी हे फ्लॅक्सच्या कापडाचे व त्याचबरोबर देवमाशांच्या शिकारीचे बंदर होते. देवमाशाचे तेल व पाणी शिंपडून तंतू मऊ केल्यास तो यंत्रावर कातता येतो, हे १८३० नंतरच्या काही वर्षांत तेथे आढळून आले. पुढे डच सरकारने कॉफीच्या पोत्यांसाठी तागाचे कापड स्वीकारले. क्रिमियाच्या युद्धामुळे (१८५३-५६) रशियातून येणाऱ्या फ्लॅक्स व हेंपचा पुरवठा खंडित झाला आणि अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) कापसाची टंचाई झाली. या दोन्ही प्रसंगांचा लाभ तागास मिळाला.

हुगळीकाठचा विस्तार : १८५५ साली जॉर्ज ॲकलंड याने बिसंभर सेन या बंगाली भांडवलदाराच्या साहाय्याने श्रीरामपूरजवळील रिश्रा येथे भारतातील पहिली ताग-गिरणी काढली. १८५९ मध्ये बराहनगर येथे यंत्रमाग सुरू झाले. कच्चा माल, कोळसा व बंदर जवळ आणि मजुरी अल्प, यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याने डंडीस मागे टाकले. या गिरण्यांतील यंत्रे व देखरेख करणारे अधिकारी मात्र बहुतांशी डंडीहूनच येत. गिरणीमालकांची संघटना १८८४ मध्ये स्थापन झाली. मागणी घटली की कामाचे तास कमी करून भाव टिकविणे, हे तिचे एक प्रमुख धोरण होते.

पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी लागणाऱ्या वाळूच्या पोत्यांमुळे गिरण्यांना विपुल नफा झाला. त्यानंतर बिर्ला, हुकुमचंद इ. भारतीय भांडवलदारांनी या व्यवसायात प्रवेश केला. कामगारांत बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, ओरिसा व आंध्र या भागांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. १९२९ मध्ये आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ६० करण्यात आले, तेव्हा या उद्योगातील पहिला सार्वत्रिक संप झाला. १९३७ मध्येही मोठा संप झाला. तागाचा भाव दूरच्या बाजारपेठांत ठरत असल्यामुळे १९३० च्या सुमाराच्या मंदीचा सर्वांत कठोर आघात शेतकऱ्यांवर झाला.

फाळणीचे परिणाम : १९४७ च्या फाळणीने पीक व गिरणी यांची ताटातूट झाली. शंभरांहून अधिक असलेल्या सर्व गिरण्या भारतात राहिल्या, तर तागाखालील सु. तीन-चतुर्थांश क्षेत्र पूर्व पाकिस्तानात गेले. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. त्यामुळे दोन देशांतील तागाचा व्यापार काही काळ ठप्प झाला. भारताने प. बंगाल, आसाम, बिहार व ओरिसा येथे लागवड वाढविली व अंबाडीच्या तंतूचीही (मेस्ता) जोड दिली. भारतातील उत्पादन १९५०-५१ मध्ये सु. ३३ लाख, तर १९६०-६१ मध्ये सु. ४१ लाख गासड्यांवर गेले (एक गासडी = १८० किग्रॅ.). तिकडे नारायणगंज येथे १९५१ मध्ये आदमजी गिरणी सुरू झाली आणि दोन्ही देश परस्परांचे स्पर्धक बनले.

कृत्रिम तंतूंची स्पर्धा : १९५४ मध्ये जूल्यो नात्ता या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने स्फटिकी पॉलिप्रोपिलीन तयार केले व १९५७ पासून त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. त्याचे तक्ते चिरून काढलेल्या चपट्या फिती विणून कापड करता येते. ते वजनाने हलके असते, पाणी शोषत नाही व कुजत नाही; मात्र उन्हात ठिसूळ होते आणि त्याचे नैसर्गिक विघटन होत नाही. अमेरिकेत गालिच्यांच्या अस्तरासाठी तागाचे कापड मोठ्या प्रमाणावर जात असे. १९६० नंतर ही बाजारपेठ पॉलिप्रोपिलीनाने व्यापण्यास सुरुवात केली. युद्धे, संप व पुरामुळे तागाचा भाव व पुरवठा अनिश्चित असे. कारखान्यात तयार होणाऱ्या तंतूस ही अडचण नव्हती. धान्य व सिमेंट यांची सुटी वाहतूक आणि कंटेनर यांमुळे पोत्यांची गरजही कमी झाली.

संरक्षण व सद्यःस्थिती : शेतकऱ्यांना आधारभूत किंमत मिळावी म्हणून १९७१ मध्ये भारतीय ताग निगम स्थापन झाला. १९८० मध्ये सहा आजारी गिरण्या शासनाने आपल्याकडे घेतल्या; परंतु त्यांसाठी स्थापिलेले निगम बंद करण्याचा निर्णय २०१८ मध्ये घ्यावा लागला. १९८७ च्या कायद्याने ठराविक मालासाठी तागाचे वेष्टन सक्तीचे करण्यात आले. या सक्तीस सिमेंट उद्योगाने न्यायालयात आव्हान दिले. तथापि शेतकरी व कामगार यांच्या हितासाठी असा निर्बंध घालणे योग्य आहे, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कायदा वैध ठरविला. पुढे सिमेंट व खत वगळले गेले. अलीकडच्या वर्षांत ही सक्ती अन्नधान्यासाठी १०० टक्के व साखरेसाठी २० टक्के ठेवण्यात आली आहे. साखरेच्या बाबतीत महाराष्ट्रातील कारखान्यांचाही याच्याशी संबंध येतो. पोत्यांचे तंतू साखरेत मिसळतात व खर्च वाढतो, अशी साखर उद्योगाची तक्रार आहे.

डंडीतील ताग-कताई विसाव्या शतकाच्या अखेरीस संपुष्टात आली. बांगलादेशात आदमजी गिरणी २००२ मध्ये व उरलेल्या सरकारी गिरण्या २०२० मध्ये बंद झाल्या; तेथील खाजगी गिरण्या मात्र सुताची मोठी निर्यात करतात. प्लॅस्टिकच्या कचऱ्याचे दुष्परिणाम लक्षात आल्यावर तागाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. संयुक्त राष्ट्रांनी २००९ हे वर्ष नैसर्गिक तंतूंचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. पिशव्या, मातीची धूप थोपविणारी जाळी व मोटारींच्या अंतर्भागातील संमिश्र पत्रे असे नवे उपयोग पुढे आले आहेत.

तरीही भारतातील गिरण्यांची मुख्य मदार अद्याप धान्यासाठी होणाऱ्या शासकीय खरेदीवरच आहे. पॉलिप्रोपिलीनाच्या किंमतीत त्याच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च धरलेला नसतो, तर तागाच्या किंमतीत पाण्यात उभे राहून तंतू सोडविणाऱ्याच्या श्रमाचे मूल्य पुरेसे धरलेले नसते. केवळ स्वस्ताईच्या कसोटीवर या दोन तंतूंची तुलना करणे त्यामुळे अपुरे ठरते. कुजविण्याची कष्टप्रद पद्धत सुधारून तंतूची प्रत वाढविणे आणि गोणपाटाखेरीज इतर उपयोग रूढ करणे, यांवरच या उद्योगाचे भवितव्य अवलंबून आहे.