आइस हॉकी: गोलरक्षकाच्या पासचा इतिहास

आइस हॉकीत गोलरक्षकाचे काम दीर्घकाळ एकच मानले जाई: सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलासमोर उभे राहून पक अडवणे. अडवलेला पक ताब्यात घेऊन सहकाऱ्याकडे अचूक पोहोचवण्याचे कौशल्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. त्याचे पद्धतशीर प्रशिक्षण त्याहूनही उशिरा सुरू झाले.

या विलंबाला साधनेही कारणीभूत होती. गोलरक्षकाच्या स्टिकचा खालचा भाग फळीसारखा रुंद असतो. त्याच्या एका हातात झेलण्याचा जाडजूड ग्लोव्ह असतो आणि त्या ग्लोव्हने दांडा धरणे अवघड जाते. पूर्वी स्टिकचे पाते सरळ असे, त्यामुळे पक उचलून लांब फेकता येत नसे. १९६०च्या दशकात स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल या आघाडीच्या खेळाडूंनी वक्र पाते लोकप्रिय केले. कालांतराने गोलरक्षकांनीही ते स्वीकारले.

गोल सोडून बाहेर पडण्याची प्रथा रुजवली ती क्युबेकच्या जॅक प्लांट याने. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तो ज्युनियर संघाकडून खेळत असताना त्याचे बचावपटू कमकुवत होते. त्यामुळे सुटलेला पक आणायला तो स्वतःच पुढे जाऊ लागला. पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघात त्याने हीच पद्धत कायम ठेवली. प्रतिस्पर्ध्याने दुरून आत ढकललेला पक कडेच्या फळ्यांवरून घरंगळत गोलामागे येई. प्लांट तो तिथेच थांबवून बचावपटूसाठी ठेवी. त्यामुळे धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याआधी बचावपटूला पक मिळे. १९५६ ते १९६० या काळात या संघाने सलग पाच वेळा स्टॅनली कप जिंकला. निवृत्तीनंतर प्लांटने फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या गोलरक्षकांना प्रशिक्षण दिले.

दरम्यान न्यूयॉर्क रेंजर्सच्या एडी जियाकोमिनने लांब पास देऊन नाव कमावले. याच फ्लायर्सच्या रॉन हेक्स्टॉलने ८ डिसेंबर १९८७ रोजी बॉस्टनविरुद्ध रिकाम्या गोलात थेट पक मारला. नॅशनल हॉकी लीगमध्ये स्वतः फटका मारून गोल करणारा तो पहिला गोलरक्षक ठरला. त्याआधी १९७९ मध्ये गोलरक्षक बिली स्मिथच्या नावावर गोल लागला होता, पण तो प्रतिस्पर्ध्याच्या चुकलेल्या पासमुळे. त्याच्या संघाकडून पकला शेवटचा स्पर्श स्मिथचा होता, इतकेच.

स्वतंत्र गोलरक्षक-प्रशिक्षकाची पद्धत १९८०च्या दशकात पसरली. मात्र प्रशिक्षक फ्रान्स्वा अलेअर आणि त्याचा शिष्य, गोलरक्षक पॅट्रिक रॉय यांच्या प्रभावामुळे भर राहिला तो गुडघ्यांवर बसून जागा व्यापण्यावर. पक हाताळणीचा सराव दुय्यम ठरला. डॅलस स्टार्सच्या मार्टी टर्कोने पकडीचा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला. झेलण्याचा ग्लोव्ह उलटा फिरवून तो दांडा वरून धरी. ही पकड आज त्याच्याच नावाने शिकवली जाते.

या कौशल्याची ताकद नियमांनीच मान्य केली. न्यू जर्सी डेव्हिल्सचा मार्टिन ब्रोडर गोलामागच्या कोपऱ्यांत जाऊन प्रतिस्पर्ध्यांचे आक्रमण मोडून काढी. २००५ मध्ये लीगने गोलरेषेमागे समलंब चौकोन आखला. गोलरेषेमागे त्याच्या बाहेर पकला स्पर्श केल्यास दोन मिनिटांची शिक्षा होऊ लागली. २०१४ मध्ये हा चौकोन दोन्ही बाजूंनी दोन-दोन फुटांनी वाढवला गेला. २००५ मध्येच दोन रेषा ओलांडणाऱ्या पासवरील बंदी उठली. त्यामुळे कोपरे बंद झाले, तरी लांब पासाची वाट मोकळी झाली.

आजच्या सरावाला ठरलेला क्रम आहे. आधी पकड आणि तोल, मग फळ्यांवरून येणारा पक थांबवणे, त्यानंतर पात्याच्या दोन्ही बाजूंनी पास देणे आणि शेवटी फळ्यांवरच्या काचेवर आपटून पक आपल्या क्षेत्राबाहेर काढणे. पकपर्यंत पोहोचण्याआधी मान वळवून मैदान पाहण्याची सवय लावली जाते. बचावपटूंबरोबर ठरवलेल्या हाकांचाही सराव होतो, कारण पाठमोऱ्या गोलरक्षकाला सहकाऱ्याचा आवाजच दिशा देतो. पक सोडून द्यावा की पास द्यावा, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. तो चुकला तर प्रतिस्पर्ध्यासमोर गोल रिकामा असतो.

जानेवारी २०२५ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या अ‍ॅलेक्स नेडेल्कोविचने एकाच सामन्यात गोलही केला आणि सहकाऱ्याच्या गोलाला साहाय्यही केले. लीगच्या इतिहासात असे करणारा तो पहिला गोलरक्षक ठरला.