धंदा गेला, उचल राहिली

कातकरी या नावातच कात आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या कातकऱ्याच्या हातात आज कात नाही. धंद्यावरून जमातीला नाव पडले; धंदा गेला, नाव राहिले. हा धंदा कोणी नेला? ‘यंत्राने’ असे एका शब्दात उत्तर देणे सोयीचे आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

खैराचा तांबडा गाभा तासायचा, ढलप्या मडक्यांत उकळायच्या, अर्क आटवायचा आणि घट्ट झाल्यावर वड्या पाडायच्या, ही कातकऱ्यांची विद्या होती. ती जंगलावर उभी होती. जव्हारात मुकणे राजांचे संस्थान होते, तिथे जंगलावर दरबाराची सत्ता. मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. तिथे १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव होत गेले आणि परवानगीशिवाय खैराला हात लावणे गुन्हा ठरले. कात कारखान्यांत तयार होऊ लागला तो त्यानंतर. म्हणजे यंत्र येण्याआधीच कायद्याने कातकऱ्याची कुऱ्हाड काढून घेतली होती.

मग कातकरी कोळसा पाडू लागला. मुंबईच्या शेगड्यांना कोळसा लागे. शेठ पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, उचल देई आणि ती फेडायला सारे कुटुंब भट्टीवर राबे. पुढे शेगडीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह आला, १९५० च्या दशकात मुंबईत गॅसचे सिलिंडर आले, जंगलतोडीवरचे निर्बंधही वाढले. कोळशाची भट्टी विझली. उचल मात्र विझली नाही. ती वीटभट्टीवर गेली.

१९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. तरीही दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या भट्ट्यांवर आई-बापांबरोबर पोरेही जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर नुसती नावे उरतात.

आता वीटभट्टीचीही पाळी आली आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या वापराची सक्ती करणारी अधिसूचना केंद्र सरकारने १९९९ साली काढली. मुंबईचे टॉवर आज कारखान्यात बनलेल्या हलक्या ब्लॉकांनी उभे राहतात. उद्या मातीची वीट गेली तर तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की त्यानंतर कातकरी कोणाची उचल घेणार?

१९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी हेच बजावले होते: दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. कातकऱ्याचे धंदे तीन, मालक निराळे, पण बांधणारी दोरी एकच. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा त्याचा हक्क कागदावर मान्य केला आहे. तो हक्क, पावसाळ्यातले धान्य आणि पोरांची शाळा या तीन गोष्टी पाड्यात पोचल्या तरच ती दोरी तुटेल. नाहीतर चौथा धंदा येईल आणि त्याच्या आधी त्याची उचल येईल.