विद्यार्थी कुठे आहेत? डहाणू-तलासरीच्या कागदांत मी चुकीचा प्रश्न घेऊन गेलो तेव्हा

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा माझा विषय कागदावर फार रुबाबदार दिसायचा: लोकशाही निवडणुकांसाठी विद्यार्थ्यांनी केलेली रस्त्यावरची आंदोलनं. क्षेत्र डहाणू आणि तलासरी. गाईडनी एकच विचारलं, “1945 साली तिथे विद्यार्थी होते का?” मी “असतील की” म्हणालो. पुढचे सहा महिने त्या ‘असतील की’ची किंमत मोजण्यात गेले.

तुम्ही आता विषय ठरवत असाल, तर हा घोळ तुमच्याही कामाचा आहे.

आधी मताचा हिशोब बघा. 1935 च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुकीत मत कोणाला? ज्याच्याकडे ठरावीक मालमत्ता, कर किंवा शिक्षण आहे त्याला. जमीन सावकाराच्या घशात गेलेला, वेठीवर राबणारा वारली यातल्या कुठल्या रकान्यात बसणार? त्यात डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रां’च्या यादीत. म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदासुद्धा तिथे आपोआप लागू नाही, गव्हर्नर म्हणेल तेव्हा लागू. याच क्षेत्रांची पाहणी करून डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने 1939 साली अहवाल दिला. सरकारी माणूस असूनही वेठबिगारीबद्दल तो आडपडदा न ठेवता लिहितो. तो अहवाल जरूर वाचा, पण एक लक्षात ठेवा: त्यात वारली ‘ज्यांच्यासाठी काहीतरी करायचं’ असे लोक आहेत. ते स्वतः काही मागतात, असं तिथे दिसत नाही.

मागणी दिसते ती 1945 मध्ये. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, त्याला माह्या धांगडा आणि काही वारली गेले होते. मे महिन्यात झरीला हजारोंची सभा झाली आणि वेठ व लग्नगडी बंद करायचं ठरलं. (लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे गडी म्हणून राहायचं, ही ती पद्धत.) मग गवतकापणीच्या मजुरीचा संप आला. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाडा इथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप पसरवून लोकांना तिथे जमवलं गेलं, असं चळवळीच्या बाजूचं म्हणणं.

यात विद्यार्थी कुठे? शिकलेली माणसं आहेत ती गोदावरी आणि शामराव परुळेकर. बाकी सगळा जमाव शाळेचं तोंड न पाहिलेला. मी टिपणांत ‘विद्यार्थी’ शब्द शोधत बसलो होतो, आणि समोर मतही नसलेली, अक्षरही नसलेली माणसं रस्ता अडवून उभी होती! ‘निवडणूक’ हा शब्दही त्यांच्या मागण्यांत सापडला नाही. पण सभा घेऊन, ठराव करून तो हजारोंनी पाळणं याला लोकशाही म्हणायचं नाही, तर कशाला?

खरी गोम पुढे आहे. तलवाड्याचा गोळीबार गव्हर्नरच्या राजवटीत झाला, कारण 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. 1946 मध्ये निवडणुका होऊन बाळासाहेब खेरांचं सरकार आलं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. पण 7 जानेवारी 1947 ला पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा वारल्यांवर गोळीबार झाला. आता सरकार निवडून आलेलं होतं, फक्त ज्यांच्यावर गोळ्या चालल्या त्यांतल्या बहुतेकांनी ते निवडलेलं नव्हतं. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालवलं गेलं. दहा वर्षांनी, 1957 मध्ये, प्रौढ मताधिकार आल्यावर ठाणे मतदारसंघाने त्याच शामरावांना लोकसभेवर पाठवलं.

1960 ला जुना उंबरगाव तालुका फुटला. मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्यातून आपलं तलासरी झालं. म्हणून गुजरातकडेही बघावं लागतं. 1973 च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनीअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं, त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटलं. फेब्रुवारी 1974 मध्ये चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. तरी निवडणूक लागेना, तेव्हा एप्रिल 1975 मध्ये उपोषणाला बसले कोण? मोरारजी देसाई. जूनमध्ये मतदान झालं. मला हवं होतं तसं विद्यार्थ्यांचं आंदोलन सापडलं ते असं सीमेपलीकडे. 1946 चे गृहमंत्री आणि 1975 चे उपोषणकर्ते ही एकच व्यक्ती आहे, हे मला दोन वेगळ्या फायलींतून उशिरा जुळलं. यावर लगेच ढोंगाचा शिक्का मारू नका, मीही मारला होता आणि मग तो परिच्छेद खोडला. ‘निवडणूक हवी’ आणि ‘मत नसलेल्यानेही बोलावं’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली मनापासून मानणारा माणूस दुसरी नाकारू शकतो.

तलासरीत आज गोदावरीबाईंच्या नावाचं महाविद्यालय आहे. म्हणजे विद्यार्थी आले, चळवळीनंतर आले. पण 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद करून वर्गात पहिल्या आलेल्याला प्रतिनिधी केलं. 2016 च्या नव्या कायद्यात थेट निवडणूक परत आली. 2019 ला ती घ्यायचं ठरलं, आणि विधानसभा निवडणूक तोंडावर आहे म्हणून पुढे ढकलली गेली.

1935 च्या कायद्यातली शिक्षणाची अट आणि 1994 च्या कायद्यातली गुणांची अट मी आता शेजारी शेजारी ठेवली आहे. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथून सुरू होतं. नाव अजून ठरलेलं नाही. शीर्षकातला ‘विद्यार्थी’ शब्द मात्र मी काढला नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय.