तगर ते त्रिरश्मी : आपल्या मुलखाचा कापडाचा रस्ता

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया, असंच आपल्याला शिकवलं गेलं. पण ज्या मुलखात आपण राहतो, त्याचा जुना इतिहास विणकरांनी आणि गाडीवानांनीही घडवला आहे. त्याला पुरावा दगडावर कोरलेला आहे.

आधी जमीन समजून घेऊ. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या या द्वीपकल्पाच्या पश्चिम कडेला सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि हे पठार तयार झालं. पठाराचा उतार पूर्वेकडे, म्हणून गोदावरी नाशिककडे उगम पावून पार बंगालच्या उपसागराला मिळते. बालाघाटच्या डोंगरातून निघणारी आपली मांजराही तिलाच मिळते. सह्याद्री पावसाळी ढग अडवतो, म्हणून मराठवाड्यात पाऊस कमी. पण त्याच काळ्या दगडाची झीज होऊन काळी माती झाली, आणि काळ्या मातीत कापूस पिकला.

कापूस आला तसं कापड आलं. मुरुडहून फार लांब नसलेलं तेरणाकाठचं तेर म्हणजेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात तगरचं नाव आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं त्यात लिहिलंय. जाडंभरडं कापड आणि मलमल इथून गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायची. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली. तेरला विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले आहेत.

कोकणातल्या बंदरांना जायचं तर सह्याद्रीचे घाट उतरावे लागत. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. अशाच घाटवाटांच्या आसपास भिक्खूंसाठी लेणी कोरली गेली. पैसा फक्त राजांनी दिला नाही. कार्ल्याच्या लेण्यात सामी नावाच्या सुताराचं आणि सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं दान कोरलेलं आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातला उषवदाताचा लेख तर प्रत्येक कामगारानं समजून घ्यावा. त्यानं २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे वर्षाचे २४० झाले. त्यातून वर्षावासाच्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब अगदी चोख! राजाच्या जावयानं आपली ठेव विणकरांच्या संघटनेकडे ठेवली, एवढी तिची पत होती. त्या विणकरांची जात लेखात नाही, धंदा आहे.

म्हणून मुलाबाळांना घेऊन एकदा तेरला जा. लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू दाखवा. त्यांना सांगा, या डोंगरातला इतिहास हातानं काम करणाऱ्यांचाही आहे. ज्यांचे हात कामाचे, त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही.